वादळानंतरची सुकती

भरतीची वेळ काढायला हर्णैला आम्हाला कधी तक्ता लागला नाही. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. त्रयोदशी असेल तर तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, म्हणजे पावणेदहाच्या सुमाराला पूर्ण भरती. बाबा हे गणित चहा गाळता गाळता करायचे. इंग्लंडला आल्यावर डॉर्सेटच्या किनाऱ्यावर मी तेच गणित लावलं आणि ते साफ चुकलं. इथे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला येते, आणि दुपारी समुद्र पार आत गेलेला असतो. फोनवर हे सांगितलं तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे उधाणाच्या दिवसांत तुमच्याकडे भर दुपारी किनारा मोकळा. कोणाला काही शोधायचं असेल तर सोयच आहे की."

मला शोधायचंच होतं.

इंग्लंडच्या दक्षिणेला एक्समथपासून स्टडलंडपर्यंतच्या दीडशेच्या वर किलोमीटर किनाऱ्याला जुरासिक कोस्ट म्हणतात. 2001 मध्ये तो जागतिक वारसा ठरला. साधारण साडेअठरा कोटी वर्षांचा इतिहास तिथल्या कड्यांमध्ये थरावर थर रचलेला आहे. त्यातही चारमथ आणि लाइम रीजिस ही दोन गावं जीवाश्म शोधणाऱ्यांची पंढरी. ब्रिस्टलहून गाडीने दोन तास. कोकणात वाढलेल्या माणसाला हे सगळं नवलाचं वाटतं, कारण आपला काळा कातळ लाव्ह्याचा. त्यात शिंपला सापडायचा कसा? महाराष्ट्रात जीवाश्म बघायचे तर पार चंद्रपूर-गडचिरोलीकडे जावं लागतं. माझ्या लहानपणी दगड म्हणजे जांभा, नाहीतर काळवत्री. दगडाच्या पोटात कोणी राहत असेल हे माहीतच नव्हतं.

एक दगड मात्र होता. आमच्या देवघरात, बाळकृष्णाशेजारी, तांब्याच्या ताम्हनात. काळा, गुळगुळीत, लिंबाएवढा, एका अंगाला भोक आणि त्या भोकात आत वळत गेलेल्या रेघा. शाळिग्राम. पणजोबांनी मुक्तिनाथच्या यात्रेहून आणलेला, असं आजी सांगायची. त्या रेघा म्हणजे विष्णूचं चक्र आणि ती वज्रकीट नावाच्या किड्याने कोरलेली. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा त्या भोकात करंगळी घालून बघायला गेले आणि आजीने माझा हात धरला. ओरडली नाही, फक्त म्हणाली, "बायकांनी शाळिग्रामाला हात लावायचा नसतो बाळा." तुळशीच्या लग्नात बाबा त्याला पाटावर बसवायचे, तेव्हा मी लांबूनच त्या रेघांकडे बघत बसायचे.

इथे आल्यावर एका संग्रहालयात काचेआड अमोनाइट पाहिला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. तीच वळणं. शाळिग्राम म्हणजे हिमालयातल्या गंडकीच्या खोऱ्यात मिळणारा अमोनाइट. म्हाकुळाच्या नात्यातला एक समुद्री प्राणी, गोल वळलेल्या शंखात राहणारा. पंधराएक कोटी वर्षांपूर्वी, हिमालय उठायच्या कितीतरी आधी, तिथे जो समुद्र होता त्याच्या तळाशी तो गाडला गेला. आणि अमोनाइट हे नावसुद्धा देवाचंच: मेंढ्यासारखी वळलेली शिंगं असणाऱ्या आमोन या इजिप्तच्या देवावरून पडलेलं. संग्रहालयातही मध्ये काच होतीच. तेव्हापासून मनात घेतलं, की एक तरी आपल्या हाताने उचलायचा.

पहिल्यांदा गेलो ते ऑगस्टमध्ये. ऊन लख्ख, किनारा माणसांनी फुललेला. तीन तास खाली मान घालून चालले आणि पिशवीत चार पांढरे गोटे घेऊन परत आले. जाता जाता चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये डोकावलो. पूर्वीच्या सिमेंट कारखान्याच्या इमारतीत हे केंद्र आहे, समुद्राला अगदी लागून. तिथून जाणकार मंडळी लोकांना किनाऱ्यावर हिंडवून आणतात. मी माझे गोटे तिथल्या बाईंपुढे मांडले. त्यांनी ते मन लावून पाहिले, मग टेबलावरच्या ट्रेमधला एक अमोनाइट माझ्या तळव्यावर ठेवला. नखाएवढा, पण जड. इतका जड की हात किंचित खाली गेला. "हा पायराइटचा आहे," त्या म्हणाल्या. "लोखंड आणि गंधक. साध्या गोट्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा. समुद्र जिथे जड माल टाकतो तिथे बघा. आणि उन्हाळ्यात येऊ नका, वादळानंतर या."

वादळच का, ते त्यांनी समजावून दिलं. इथल्या कड्याचा खालचा भाग चिकण खडकाचा, पाणी न झिरपणारा. त्याच्यावर वाळूच्या खडकाचा थर, तो पाणी पितो. हिवाळ्यात पाऊस लागला की वरचं पाणी चिकणमातीवर येऊन अडकतं आणि अख्खा उतार घसरायला लागतो. हा ढिगारा किनाऱ्यावर येऊन पडतो, पण त्यातले जीवाश्म गाऱ्यात लडबडलेले असतात. तो गारा धुऊन न्यायला मोठ्या लाटा लागतात. वादळ दोन्ही कामं करतं: कडा पाडतं आणि पडलेलं धुतं. शिवाय किनाऱ्यावरची वाळूही ओढून नेतं, मग खालची खडी उघडी पडते. पंधरा दिवस शांत गेले की वाळू परत येऊन सगळं झाकते.

नोव्हेंबरात तसं वादळ आलं. दोन रात्री ब्रिस्टलला खिडक्या थडथडत होत्या. शुक्रवारी वारा पडला. त्या संध्याकाळी हर्णैला तुळशीचं लग्न लागलं होतं, आईने फोटो पाठवले होते आणि फोटोत एका कोपऱ्यात तो शाळिग्रामही होता, हळद-कुंकू लावलेला. त्रिपुरी पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाण. तक्ता पाहिला: शनिवारी पूर्ण ओहोटी अकराच्या सुमाराला. पहाटे अंधारातच निघालो, मी आणि नवरा.

ओहोटी अकराची असली तरी अकराला पोचून उपयोग नाही, हे ऑगस्टमध्ये कळलं होतं. पाणी उतरायला लागलं की त्याच्या मागोमाग चालायचं आणि ते वळायच्या आत परत फिरायचं. चारमथ आणि लाइमच्या मध्ये ब्लॅक वेन नावाचा कडा आहे. भरतीला पाणी त्याच्या पायथ्याला टेकतं, मधे अडकलात तर वर चढायला वाट नाही. मी फोनवर साडेदहाचा गजर लावला. डोक्यावर बांधकामावरचं हेल्मेट, पायात गुडघाभर बूट, हातात रबरी मोजे. हातोडी नवऱ्याकडे होती, पण ती पिशवीतच ठेवायची असं ठरलं होतं. इथला नियम साधा आणि मला फार पटलेला आहे: किनाऱ्यावर सुटं पडलेलं उचला, कड्यात खणू नका, आणि काही महत्त्वाचं सापडलं तर केंद्रावर दाखवून नोंद करा.

समुद्र चहाच्या रंगाचा झाला होता. ब्लॅक वेनच्या पायथ्याशी करड्या-काळ्या गाऱ्याची एक जीभ थेट वाळूवर आलेली, तिच्यात मुळांसकट उपटलेली झुडपं. आणि आवाज. टक. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक, टक, आणि वाळूत धप्प. वरून दगड सुटत होते. एक नारळाएवढा दगड आमच्यापासून पंचवीसएक पावलांवर येऊन रुतला, तेव्हा आम्ही काही न बोलता पाण्याच्या बाजूला सरकलो.

त्या आवाजात मला मेरी अॅनिंगची आठवण आली. ती याच किनाऱ्यावरची, लाइम रीजिसची. बाप सुतार, 1810 मध्ये कर्ज मागे ठेवून गेला. मेरी तेव्हा अकरा वर्षांची. वादळानंतर कड्याखाली हिंडून जीवाश्म गोळा करायचे आणि ते पर्यटकांना विकायचे, हे त्या घराचं पोट होतं. 1811 मध्ये भावाला एका मोठ्या प्राण्याची कवटी सापडली, पुढल्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. तो इक्थिओसॉर होता, माशासारखा दिसणारा सागरी सरीसृप. 1823 मध्ये तिने जवळजवळ पूर्ण प्लेसिओसॉर काढला, तोही सागरी सरीसृपच, पण लांब मानेचा. 1833 मध्ये दरड कोसळली आणि तिचा कुत्रा, ट्रे, तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात वाचली आणि तरीही येत राहिली, कारण न येऊन चालण्यासारखं नव्हतं. तिने शोधलेल्या सांगाड्यांवर पुरुषांनी निबंध वाचले, त्यात अनेकदा तिचं नावही घेतलं नाही. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने बायकांना सदस्य करून घेतलं ते 1919 मध्ये, मेरी जाऊन बहात्तर वर्षं झाल्यावर. लाइममध्ये तिचा पुतळा बसला तो तर अगदी आता, 2022 मध्ये, एका शाळकरी मुलीने आईबरोबर चालवलेल्या मोहिमेमुळे. पुतळ्यात मेरी चालते आहे आणि तिच्या पायाशी ट्रे आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ तिथून हलले नाही.

पहिला तास काहीच दिसलं नाही. नवऱ्याला मात्र पटापट बेलेम्नाइट मिळायला लागले. बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार, तपकिरी, तेही म्हाकुळाच्याच कुळातले. मला एक ग्रायफिया मिळाली, जाड, आत वळलेल्या नखासारखी शिंपली. इथले लोक तिला सैतानाचं नख म्हणतात. अमोनाइट नाही. मी उभ्याने शोधत होते, हे माझं चुकत होतं. उभ्या माणसाला किनारा दिसतो, खडी दिसत नाही.

गाऱ्याच्या जिभेच्या पुढे, पाण्याकडे, गंजाच्या रंगाचा एक पट्टा दिसला. जवळ जाऊन पाहिलं तर खरंच गंज होता: वाकलेले खिळे, तारा, कसल्यातरी झाकणाचा तुकडा, हिरव्या काचा. लाइमची जुनी कचराभूमी या कड्यावर होती आणि 2008 च्या मोठ्या दरडीत तीही खाली आली. तेव्हापासून लोखंडाचे तुकडे समुद्रात फिरताहेत. आधी मला वाईट वाटलं. मग केंद्रातल्या बाईंचं बोलणं आठवलं. जिथे लोखंड साठतं तिथेच पायराइट साठणार, दोन्ही जड. समुद्राने इथे सूप धरलं होतं. हलकं सगळं पाखडून नेलं होतं आणि जड तेवढं मागे ठेवलं होतं.

मी गुडघे टेकले. नाक खडीपासून हातभर. आता एकेक खडा वेगळा दिसायला लागला. काळे चपटे, करडे, गारेचे पांढरे, मधेच तंतुमय कॅल्साइटचे तुकडे, ज्यांना इथले खाणकामगार 'बीफ' म्हणायचे, मांसासारखे धागे दिसतात म्हणून. मी वितीएवढी जागा बघायची, मग गुडघा पुढे. तांदूळ निवडताना जसं होतं तसं झालं: काही वेळाने डोळे खडा शोधत नाहीत, ताटात जे वेगळं आहे ते आपोआप वर येतं. आणि तसाच तो वर आला. दोन काळ्या खड्यांमध्ये, अर्धा बुडालेला, पितळी. कडेला बारीक फासळ्या, एकसारख्या अंतरावर, सगळ्या मध्याकडे वळत गेलेल्या. निसर्गातला दुसरा कुठलाही दगड इतक्या शिस्तीत वळत नाही.

मोजा काढला. बोटं गारठली होती, तरी उघड्या बोटांनीच उचलला. अंगठ्याच्या नखाएवढा, त्याच्या मानाने नको इतका जड. करंगळीच्या टोकाने मधल्या खळग्यापासून बाहेर वळण गिरवलं. एक फेरा, दोन, तीन, आणि तिसऱ्याच्या शेवटी जरासं तुटलेलं तोंड, जिथून तो प्राणी बाहेर डोकवायचा. साडेएकोणीस कोटी वर्षं. नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. तो धावत आला, त्याला वाटलं मला लागलं.

त्यानंतर अर्ध्या तासात त्याच पट्ट्यात आणखी चार मिळाले. एक तर तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. आणि एक वेगळीच चकती, काळी, गोल, दोन्ही बाजूंनी खोलगट, कॅरमच्या सोंगटीला दोन्हीकडून अंगठ्याने दाबल्यासारखी. ती काय आहे ते कळलं नाही, पण ठेवली.

गजर वाजला. शहाणपण असतं तर तेव्हाच परत फिरले असते. पण गाऱ्याच्या जिभेच्या कडेला एक गोल गोटा दिसला, त्याच्या धारेवर फासळ्यांसारखं काहीतरी. कड्यापासून लांब आहे, एवढाच विचार केला आणि पाय टाकला. वरून सुकल्यासारखी दिसणारी साय फुटली आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ओढायला गेले तर डावाही रुतला. गाऱ्याची पकड काय असते ते तिथे कळलं. बूट जणू कोणी खालून धरून ठेवलेला. नवरा पुढे यायला लागला तेव्हा मागून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "तुम्ही जाऊ नका, दोघंही अडकाल." त्यांनी आपली काठी मला आडवी दिली, म्हणाले, मागे बस, वजन काठीवर टाक, पाय ओढू नकोस, हळूहळू गोल फिरव, म्हणजे आत हवा जाईल. दहा मिनिटं लागली. एक पाय बुटासकट आला, दुसरा मोज्यानिशी. बूट त्यांनी नंतर काठीने उपसून दिला. मी आभार मानत होते आणि ते फक्त पाण्याकडे बोट दाखवत होते: "आता चला." त्या दहा मिनिटांनी पुरेशी अद्दल घडली. आता गाऱ्यापासून मी तितकीच लांब राहते जितकी कड्यापासून.

केंद्रावर चकती दाखवली. त्याच बाई होत्या. चकती हातात घेताच हसल्या. इक्थिओसॉरचा मणका. झिजलेला, एकटाच, त्यामुळे विज्ञानाला त्याचं फारसं काम नाही, तुम्हीच ठेवा म्हणाल्या. मेरीने ज्याचा सांगाडा काढला त्याच जातकुळीतला एक मणका माझ्या चिखलाने माखलेल्या हातात होता.

घरी आल्यावरचं काम मात्र कोणी सांगत नाही, आणि त्यात मी चुकले. पायराइटला दमट हवा सोसत नाही. हवेतला प्राणवायू आणि ओल मिळाली की तो आतून विटतो, आम्ल तयार होतं, आणि दगड अक्षरशः पीठ होतो. खारं पाणी राहिलं तर आणखी लवकर. गोड्या पाण्याने धुवायचा, मऊ ब्रशने गारा काढायचा, पूर्ण सुकवायचा आणि झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचा. चार तसे ठेवले. सगळ्यात चिमुकला मात्र मी ओट्याशेजारच्या खिडकीत ठेवला, भांडी घासताना दिसावा म्हणून. फेब्रुवारीत एका सकाळी त्याच्या जागी राखाडी-पांढरी भुकटी होती, गंधकाच्या वासाची. इतकी वर्षं कड्यात सुखरूप राहिलेला जीव माझ्या स्वयंपाकघरातल्या वाफेने तीन महिन्यांत संपला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मे महिन्यात हर्णैला गेले तेव्हा पहिला अमोनाइट डबीत घालून नेला. बाबांची पूजा नुकतीच आटोपली होती. डबी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तो उचलला नाही, आधी नुसता पाहिला, खूप वेळ.

"आपल्या शाळिग्रामापेक्षा जुना म्हणतेस?"

"चारेक कोटी वर्षांनी."

"म्हणजे थोरला." मग ते उठले, ताम्हनातला शाळिग्राम पंच्याने पुसला आणि काही न बोलता माझ्या तळव्यावर ठेवला.

मला वाटला होता त्यापेक्षा तो गार होता. मी करंगळी त्या भोकात घातली. आत फासळ्या होत्या, बारीक, एकसारख्या, मध्याकडे वळत गेलेल्या, फक्त कडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभिषेकाने बोथट झालेल्या. आई दारात उभी होती, तीही काही म्हणाली नाही. मी अमोनाइट शाळिग्रामाशेजारी तळव्यावर ठेवला आणि दोन्ही उजेडात धरले.

"त्या माझ्या चष्म्याच्या घराखाली भिंग आहे," बाबा म्हणाले. "दे जरा इकडे."